नाही म्हणणाऱ्या बायकांची चरित्रं

ख्रिस्ती स्त्रियांची, मिशनरी बायकांची चरित्रं वाचायची तर सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की मी आधी एक कसोटी सांगते. या पुस्तकातली बाई कुणाला ‘नाही’ म्हणते? जुन्या धर्माला, घरच्यांना ‘नाही’ म्हटलेलं अशा पुस्तकांत सहज सापडतं. पण बिशपला? ज्यांनी आसरा दिला, त्यांना? ती पानं गाळलेली असतील तर आपल्या हातात चरित्र नाही, आरती आहे.

ग्लॅडिस एलवर्डचं उदाहरण घ्या. लंडनमध्ये घरकाम करणारी ही मुलगी. चीनमध्ये काम करणाऱ्या मिशनने अभ्यासात कच्ची म्हणून तिला नाकारलं. तिने पगारातून पैसे साठवले आणि १९३० साली सायबेरियामार्गे रेल्वेने ती चीनला पोचली. जपानी आक्रमणात शंभरेक मुलांना घेऊन तिने डोंगर ओलांडले. ॲलन बर्जेसचं ‘द स्मॉल वूमन’ (१९५७) हे तिचं चरित्र एका बैठकीत वाचून होतं. मिशनने नाकारल्याची गोष्ट त्यात झाकलेली नाही, म्हणून ते मला आवडतं. पुढच्याच वर्षी त्यावर सिनेमा आला. बुटक्या, काळ्या केसांच्या ग्लॅडिसच्या जागी उंच, गोरी इन्ग्रिड बर्गमन आली, जोडीला प्रेमप्रसंग आले. ग्लॅडिसला ते फार लागलं. आधी पुस्तक वाचा, सिनेमा नंतर.

आता आपल्या पंडिता रमाबाई. हेलन डायरने लिहिलेलं इंग्रजी चरित्र १९०० साली, रमाबाई हयात असतानाच आलं. सूर भक्तीचा, भर प्रार्थना आणि सेवेवर. दुष्काळातल्या मुलींसाठी केडगावला उभं राहिलेलं काम समजून घ्यायला ते उपयोगी आहे. पण माझ्या कसोटीवर खरं उतरतं ते वेगळंच पुस्तक: रमाबाईंचा पत्रव्यवहार. अ. भि. शहांनी संपादित केलेला हा इंग्रजी ग्रंथ १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने काढला.

१८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेजला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्या गप्प बसल्या असत्या, तर अनेकांची सोय झाली असती. त्या बसल्या नाहीत. त्रैक्याचा सिद्धांत कळल्याशिवाय मानणार नाही, म्हणाल्या. मांसाहार नाकारला. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन कशाला, संस्कृत का नको, असं विचारलं. त्यांनी पुरुषांना शिकवू नये, असं बिशपांचं मत पडलं, तेव्हा त्याचाही जाब मागितला. ब्राह्मण पुरोहितांचं जोखड नुकतंच उतरवलंय, आता दुसरं मानेवर घेणार नाही, हा त्यांचा मुद्दा होता. भांडण चाललं होतं सिस्टर जेराल्डीनशी, जिला त्या पत्रांत लाडाने ‘आजीबाई’ म्हणत. आणि ही पत्रं जपून, जुळवून ठेवली ती याच आजीबाईंनी! भांडणातल्या दुसऱ्या बाजूनेच पुरावा सांभाळला. असा ग्रंथ क्वचित मिळतो.

तो सोपा नाही. इंग्रजी जुनं आहे, सलग गोष्ट नाही, मध्येमध्ये धर्मशास्त्राचा काथ्याकूट आहे. त्यासाठी आधी देवदत्त नारायण टिळकांचं ‘महाराष्ट्राची तेजस्विनी पंडिता रमाबाई’ (१९६०) वाचा. त्यात माया आहे, थोडी जास्तच आहे. पण माणसं, गावं, काळ आपल्या भाषेत भेटतात.

हे देवदत्त म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचे चिरंजीव. आणि लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’शिवाय ही यादी अपुरीच. हे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागाने आलं. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई लगेच मागे गेल्या नाहीत. त्या वेगळ्या राहिल्या, रडल्या, चिडल्या, सोवळं पाळत राहिल्या. मग स्वतः विचार करून जात सोडली आणि बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून नव्हे, स्वतःला पटलं म्हणून. आणि हे सगळं स्वतःवर हसत सांगितलंय. भक्तीच्या पुस्तकांत विनोद जवळजवळ नसतो. इथे पानोपानी आहे.

या ‘नाही’चं मला एवढं का पडलंय? कारण गाळणी दोन्हीकडून लागते. भाविक चरित्रकार रमाबाईंचं चर्चशी झालेलं भांडण गाळतो. आपण त्यांना समाजसुधारकांच्या रांगेत बसवतो आणि ख्रिस्ती होणं एका ओळीत उरकतो. दोघांनाही अर्धीच बाई हवी असते. पण ज्या बाईने बिशपला प्रश्न विचारले, तिनेच आयुष्याची शेवटची वर्षं बायबलचं मराठी भाषांतर करण्यात घालवली. तिचं ‘नाही’ पुसलं की त्या ‘हो’लाही किंमत उरत नाही.

तेव्हा क्रम असा: आधी ‘स्मृतिचित्रे’, मग देवदत्त टिळक, मग पत्रं. ग्लॅडिस मधल्या सुट्टीत.