नवव्या बिटाचा विनोद

तांत्रिक दस्तऐवज विनोदी वाङ्मय म्हणून वाचण्याची आपल्याकडे रीत नाही. ‘आरएफसी ४०४२’ हा मात्र तसा वाचायलाच हवा. आयमॅप या ईमेल-प्रणालीचे जनक मार्क क्रिस्पिन यांनी तो १ एप्रिल २००५ रोजी प्रसिद्ध केला. इंटरनेटचे नियम ज्या कोरड्या साच्यात लिहिले जातात, त्याच साच्यात त्यांनी युनिकोडसाठी ‘यूटीएफ-९’ आणि ‘यूटीएफ-१८’ या संकेतनपद्धती सुचवल्या. आठ बिटांच्या बाइटऐवजी नऊ बिटांचा ‘नोनेट’ घ्यावा, कारण ३६ बिटांच्या यंत्रशब्दात असे चार नोनेट नेमके बसतात! अशा यंत्रांतले गाजलेले पीडीपी-१०. त्याची पुढची पिढी डेक कंपनीने १९८३मध्येच गुंडाळली होती. क्रिस्पिन यांचे नमुना प्रोग्रॅमही त्याच यंत्राच्या असेंब्ली भाषेत आहेत.

लेखक एकदाही डोळा मिचकावत नाही, ही या विडंबनाची पहिली ताकद. दुसरी अधिक मोलाची: त्याचा हिशेब खरा आहे. ‘मराठी’ या शब्दात युनिकोडची पाच चिन्हे आहेत: म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. प्रचलित यूटीएफ-८मध्ये प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे एकूण १२० बिट लागतात. थट्टेतल्या यूटीएफ-९मध्ये प्रत्येकी दोन नोनेट, म्हणजे ९०. इंग्रजी अक्षराला मात्र आठाऐवजी नऊ बिट मोजावे लागतात. थट्टेच्या राज्यात देवनागरीचा भार हलका होतो आणि रोमनचा किंचित वाढतो.

आज साठवण स्वस्त आहे, मजकूर दाबूनही ठेवता येतो. मग तीस बिटांचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. त्याने मोबाइलचा साधा एसएमएस आठवावा. त्याची मर्यादा १४० बाइटांची. सात बिटांच्या रोमन अक्षरांत १६० चिन्हे मावतात, देवनागरीत ७०. आणि त्यांत काना-वेलांट्याही वेगळ्या मोजल्या जातात. एका संदेशात न मावणारी दिवाळीची शुभेच्छा रोमन लिपीत लिहावी लागते, ती भाषेच्या उणिवेमुळे नव्हे.

क्रिस्पिन यांच्या लेखनाची मर्यादाही इथेच दिसते. त्यांचा जीव जुन्या यंत्रात गुंतलेला आहे. या हिशेबात कोणत्या लिपीचे काय होते, हा प्रश्न ते वाचकावर सोडतात. मात्र तो प्रश्न पडण्याइतकी अचूक आकडेमोड त्यांनी मांडली आहे. नऊ बिटांना कालबाह्य म्हणून आपण हसतो. सात बिटांचे माप अजून आपल्या खिशात आहे, त्याला हसायचे राहूनच जाते.