टोपणनाव आणि प्रोफाइल

लेखकाने समाजमाध्यमांवर स्वतःची प्रतिमा उभी करावी की नाही, या वादात एक गोष्ट गृहीत धरली जाते: पूर्वीचे लेखक नुसते लिहीत, प्रतिमा हे आजचे खूळ. विदर्भातले दोन कवी पाहिले तर हे गृहीत टिकत नाही.

पहिले 'बी'. नारायण मुरलीधर गुप्ते (१८७२–१९४७) वऱ्हाडात सरकारी कारकुनी करत आणि एका अक्षराआड राहून कविता लिहीत. हा 'बी' कोण, याचे रसिकांना मोठे कुतूहल होते. १८९१च्या सुमारास लिहू लागलेल्या या कवीचा पहिला संग्रह 'फुलांची ओंजळ' आला तो १९३४मध्ये. मधल्या चाळीसहून अधिक वर्षांत 'दिसत राहा, नाहीतर विसरले जाल', असे त्यांना कोणी बजावले नाही.

दुसरे ग्रेस. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या माणिक गोडघाट्यांनी (१९३७–२०१२) प्रतिमा लपवली नाही, घडवली. इन्ग्रिड बर्गमनच्या चित्रपटावरून घेतलेले नाव, एकांताचे वलय, व्यासपीठावरची ती भाषा. मात्र हे सगळे कवितेच्याच मातीतून आले होते. 'संध्याकाळच्या कविता' (१९६७) आणि 'राजपुत्र आणि डार्लिंग' (१९७४) या संग्रहांमध्ये सात वर्षांचे अंतर आहे. त्या काळात प्रतिमेला रोजचा रतीब घालावा लागला नाही.

फरक इथे आहे. टोपणनाव एकदा घेतले की काम संपे. प्रोफाइलला रोज खाऊ घालावे लागते. तिथे कविता आधी आणि नाव मागून. इथे पहिले पुस्तक घेऊन येणाऱ्याला अनुयायी किती, हे आधी विचारले जाते. मग कविता मोबाइलच्या पडद्यात मावेल एवढी होते आणि कवी कालच्या टाळीची ओळ आज पुन्हा लिहितो.

याला दुसरी बाजू आहे. पुण्या-मुंबईच्या संपादकांपर्यंत ज्याचे पाकीट कधी पोचलेच नसते, अशा गडचिरोलीच्या मुलाला हेच माध्यम वाचक मिळवून देते. आडोसा आणि मौन ही त्याला चैन वाटली तर नवल नाही. ज्याचे नाव कुणाला ठाऊकच नाही, त्याने ते लपवायचे कशाला? म्हणून 'समाजमाध्यमे सोडा' हा प्रस्थापितांचा उपदेश मला पोकळ वाटतो.

पण दार उघडून देणाऱ्याने रोज भाडे मागावे, हे मान्य करता येत नाही. आणि इथे समीक्षेचीही जबाबदारी आहे. ग्रेस यांच्या नावाची गोष्ट रंगवून सांगणारे पुष्कळ भेटतात, 'चंद्रमाधवीचे प्रदेश' (१९७७) सलग वाचलेले थोडे. वलयावर लिहिणे सोपे म्हणून आपणही कवितेआधी वलयावरच लिहिले. नव्या कवीला सात वर्षांची सवड द्यायची असेल, तर तो दिसत नसतानाही त्याचे आधीचे पुस्तक वाचत राहणारे आणि त्यावर लिहिणारे हवेत. ते काम कुठलेही यंत्र करणार नाही.