होडींतील बाप आणि मूल

बापानें मुलाला घेऊन तळ्यावर जावें, शिदोरी सोबत असावी, घटकाभर होडींत बसून दोघांनीं घरीं परतावें. एवढ्या साध्या प्रसंगांत वाङ्मयानें हात घालण्याजोगें काय आहे, असा प्रश्न पुष्कळांना पडेल. आमच्या मतें त्यांत पुष्कळ आहे. परंतु सहलीकडे पाहण्याची आपली दृष्टि शाळेंतील निबंधाच्या वहींत घडलेली असल्यामुळें तें आपणांस दिसत नाहीं. पहांटे उठणें, सृष्टिशोभा, फराळ आणि शेवटीं एक बोध, असा त्या वहींतील सहलीचा क्रम ठरलेला असतो. पाणी तेथें वर्णनापुरतें, आणि वडील उपदेशापुरते.

वडीलधारें माणूस, मूल आणि पाणी ह्यांचा मराठी वाचकाला सर्वांत परिचित असलेला प्रसंग साने गुरुजींच्या 'श्यामची आई' (१९३५) ह्या पुस्तकांत आहे. पोहावयास जाण्याच्या भीतीनें श्याम लपून बसतो. आई त्याला मार देऊन विहिरीवर धाडते, आणि तो पोहून आल्यावर मायेनें जवळ घेते. आपल्या मुलाला कोणीं भित्रा म्हणूं नये, ही तळमळ त्या माराच्या मागें असल्यामुळेंच हा प्रसंग मनांत घर करितो. तथापि तेथील पाणी ही एक परीक्षा आहे. काय शिकावयाचें तें आईला आधींच ठाऊक आहे; शिकावयाचें आहे तें श्यामला.

ह्याच्या शेजारीं ई. बी. व्हाइट ह्या अमेरिकन लेखकाचा 'वन्स मोअर टु द लेक' हा १९४१ सालचा निबंध ठेवून पाहावा. लहानपणीं वडिलांबरोबर ज्या सरोवरावर लेखक राहिला, तेथेंच तो आपल्या मुलाला घेऊन जातो. दोघे होडींतून मासे धरावयास निघतात. गळाच्या काठीवर एक चतुर येऊन बसतो. आणि आपण बाप आहों कीं मूल, हेंच लेखकाला उमगेनासें होतें. अखेरीस मुलगा ओले कपडे अंगावर चढवितो, आणि त्या गारव्याबरोबर बापाला स्वतःच्या मृत्यूचा स्पर्श होतो. येथें शिकतो तो बाप. हा निबंध श्रेष्ठ आहे, ह्यांत आम्हांस शंका नाहीं. परंतु त्यांतील मुलगा स्वतः मात्र फारसा दिसत नाहीं. श्याम हा आईचा शिष्य, तर हा मुलगा बापाचा आरसा.

मूल ना शिष्य, ना आरसा, असें जेथें दिसेल तो निबंध आम्हांस हवा आहे; आणि तो लिहावयास कल्याणसारखें गांव उत्तम. १६५७ मध्यें शिवाजीमहाराजांनीं कल्याण घेतल्यावर येथल्या खाडीवर मराठी आरमाराचा पाया घातला गेला. दुर्गाडी किल्ला अजून त्या खाडीकडे पाहत उभा आहे. अशा गांवच्या मुलाला पाणी भेटतें तें बहुधा लोकलच्या खिडकींतून, नाहीं तर काळ्या तलावाच्या कांठावरून. आणि बाप भेटतो तो सकाळच्या घाईंत, नाहीं तर रात्रीं थकून आलेला. अशीं दोघें एखाद्या रविवारीं ठाण्याच्या मासुंदा तलावावर जाऊन होडींत बसलीं, म्हणजे त्यांच्यांत कांहीं निराळें घडूं लागतें. बापाला उठून कोठें जातां येत नाहीं. सुकाणू मुलाच्या हातीं दिलें, कीं होडी मूल म्हणेल तिकडे जाते, आणि नुसतें बसून राहण्याचें काम पहिल्यानेंच बापाच्या वांट्याला येतें. डब्यांतली पोळीभाजीहि मग भूक लागेल तेव्हां खावयाची. घड्याळ पाहून नव्हे.

अशा वेळीं मूल विचारतें, हें पाणी किती खोल आहे? निबंधाच्या वहींतला बाप येथें एखादा आंकडा सांगतो आणि त्यावरून बोधाकडे वळतो. खरा बाप पाण्याकडे पाहतो आणि ठाऊक नाहीं म्हणतो. मग दोघेहि कांठावरून वांकून पाहूं लागतात. तेथें दोघांना काय दिसलें, आणि विशेषतः मुलाला काय दिसलें, हें कोणी प्रामाणिकपणें लिहील, तर त्या लेखाचें आम्ही मनापासून स्वागत करूं. मग त्याच्या अखेरीस बोध नसला तरी चालेल.