बाळाची तसबीर : हक्क कोणाचा, कृति कोणाची?

पुस्तकाच्या आरंभीं ‘सर्व हक्क स्वाधीन’ अशी ओळ छापलेली असते व तिचा अर्थ आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. आवडलेली कादंबरी स्वखर्चानें छापून सोयऱ्याधायऱ्यांत वांटावी, असें कोणाहि सुशिक्षिताच्या मनांत येत नाहीं. परंतु तोच गृहस्थ फोटोग्राफरनें काढलेल्या आपल्या नातवाच्या तसबिरीच्या प्रती दुसऱ्या दुकानांतून खुशाल काढून आणतो. आणि कोणीं हटकल्यास, ‘मूल आमचें, पैसे आमचे, मग हक्क दुसऱ्याचा कसा?’ असें विचारतो. हा प्रश्न दिसतो तितका भाबडा नाहीं. त्याचें अर्धें उत्तर या गृहस्थाच्याच बाजूचें आहे. उरलेल्या अर्ध्याचा विचार व्हावा, एवढ्यासाठीं हा लेख.

बालकाची तसबीर हा आपल्या घरगुती जीवनांतील एक कलाप्रकारच होऊन बसला आहे, आणि त्याचे संकेतहि ठरून गेले आहेत. पालथें पडून मान उचललेलें सहा महिन्यांचें बाळ. गालावर काजळाची तीट. संक्रांतीनंतरच्या बोरन्हाणाला काळीं वस्त्रें व हलव्याचे दागिने घालून बसविलेला कृष्ण. मागें रंगविलेला पडदा. मुदखेडासारख्या जंक्शनच्या गांवीं, जेथून एक लोहमार्ग मनमाडकडे, दुसरा सिकंदराबादेकडे व तिसरा आदिलाबादेकडे जातो, तेथें घरोघरचीं नातींहि त्याच मार्गांनीं पांगलेलीं असावयाचीं. मग एका प्रतीनें भागत नाहीं. एक आजोळीं हवी, एक हैदराबादेच्या काकांस हवी. आतां तर भिंतीवरील तसबिरीपुढें मोबाईल धरला कीं प्रत तयार होते, आणि विचार करावयास उसंतहि राहत नाहीं.

कायदा काय म्हणतो तें प्रथम पाहूं. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानें फोटो काढणाऱ्यासच त्या फोटोचा कर्ता मानिलें आहे, व सामान्यतः कर्ता तोच हक्काचा पहिला धनी होय. परंतु कलम १७ मध्यें एक अपवाद आहे. कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल, आणि उलट करार झालेला नसेल, तर हक्काचा पहिला धनी फोटो काढविणारा. ही तरतूद १९११ च्या इंग्लंडांतील कायद्यांतून आली व १९१४ च्या कायद्यानें ब्रिटिश हिंदुस्थानांत रूढ झाली. नवल असें कीं, मूळ घरानेंच ती पुढें टाकून दिली. इंग्लंडांत १९८८ च्या कायद्यानें हक्क फोटोग्राफरकडे गेला. फोटो काढविणाऱ्यास घरगुती तसबिरी जाहीर न होऊं देण्याचा अधिकार तेवढा उरला. अमेरिकेंतहि स्वतंत्र धंदा करणाऱ्या फोटोग्राफरकडेच सामान्यतः हक्क राहतो. म्हणून परदेशच्या आईबापांस दिलेला उपदेश वाचून येथील आईबापांनीं धास्ती घेण्याचें कारण नाहीं.

तथापि अपवादाची प्रत्येक अट मोलाची आहे. जत्रेंत वा समारंभांत कोणी आपण होऊन फोटो काढला व मागाहून विकला, तर तो ‘काढविलेला’ नव्हे, हक्क काढणाऱ्याचा. मोबदल्यावांचून हौसेनें काढून दिलेल्या फोटोचेंहि तसेंच. आणि मागणीच्या छापील कागदावर सही करतांना खालचीं बारीक अक्षरें न वाचली, तर त्यांतच उलट करार लपलेला असावयाचा.

शिवाय हक्क निराळा व निगेटिव्ह निराळी. हैदराबादच्या सहाव्या निजामाचे दरबारी फोटोग्राफर राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांच्या निगेटिव्हच्या कांचा जपून राहिल्या, म्हणून १९८९ सालीं दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रास त्या मिळूं शकल्या. लहान गांवांतील किती दुकानें मोडलीं आणि त्यांच्याबरोबर किती बाळपणें नाहींशीं झालीं, त्याची गणतीच नाहीं. मूळ कांच वा आजची मूळ फाइल आपल्या हवालीं करावी, असें कलम १७ सांगत नाहीं. ज्या घरांतलें मूल दगावलें आणि भिंतीवर एकच विटकी प्रत उरली, त्या घरास हा भेद किती जाचतो हें सांगावयास नको. तेथें कायद्याचा हक्क हातांत असूनहि माणूस फोटोग्राफरच्या सौजन्यावर अवलंबून राहतो.

येथें त्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग येतो. कायद्याचें हें कलम पैशास ओळखतें, कसबास ओळखत नाहीं. रडणाऱ्या बाळाची एक हांसरी घटका हेरणें, खिडकीचा उजेड गालावर नेमका पाडणें, मुद्रण करतांना काळ्या झबल्यांतील चुण्या व पांढरा हलवा दोन्ही राखणें, हें मोबदल्याच्या रकमेंत आपोआप विकत मिळत नाहीं. प्रतीवरून काढलेल्या प्रतींत नेमक्या याच गोष्टी प्रथम नष्ट होतात: हलव्याचे कांटे बुजतात, डोळ्यांतील तेज मरतें. आणि अशा प्रतीखालीं दुकानाचें नांव राहिलें तर बदनामी मूळ कारागिराची. कापून टाकलें तर त्याचें कर्तृत्व बुडतें. हक्क दुसऱ्याकडे गेला तरी कर्तेपण सांगण्याचा, आणि आपल्या नांवास बाध येईल अशी कृतीची मोडतोड थांबविण्याचा अधिकार कलम ५७ नें कर्त्याकडेच ठेविला आहे. आमच्या मतें सबंध कायद्यांत अधिक रसिक कलम हेंच होय.

उलटपक्षीं फोटोग्राफरनेंहि मर्यादा ओळखली पाहिजे. गोंडस मुलाची तसबीर दुकानाच्या दर्शनी कपाटांत वा जाहिरातींत लावणें हें कौतुक वाटलें, तरी तो मुलाच्या घरच्यांचा विषय आहे. इंग्लंडांत १८८८ सालीं पोलर्ड खटल्यांत एका स्त्रीचा फोटो नाताळाच्या कार्डावर छापून विकूं पाहणाऱ्या फोटोग्राफरास न्यायालयानें मनाई केली. त्यास फोटो काढावयास सांगितलें होतें, विकावयास नव्हे, हें त्या निकालाचें मर्म. बोलूंहि न शकणाऱ्या बालकाच्या बाबतींत तर हें तत्त्व अधिकच कसोशीनें पाळावयास हवें.

तेव्हां बाळाला घेऊन दुकानाची पायरी चढतांनाच चार गोष्टी बोलून लिहून घ्याव्या: किती प्रती, पुढील प्रतींचा दर काय, मूळ फाइल मिळेल कीं नाहीं व किती वर्षें सांभाळली जाईल, आणि दर्शनी कपाटांत लावण्यास संमति आहे कीं नाहीं. पुढें प्रती लागल्या तर, कायदा आपल्या बाजूस असला तरी, प्रथम मूळ कारागिराकडेच जावें. त्यास चार पैसे मिळतात, आपणांस खरी प्रत मिळते, आणि नातवंडांच्या नातवंडांना तसबिरीखालीं ती काढणाराचें नांवहि वाचावयास मिळतें. आज आपल्या घरांतील जुन्या तसबिरी उलटून पाहिल्या, तर बहुतेकींच्या पाठीवर तेंच नांव नाहींसें झालेलें आढळेल.