पेठेत काय पाहाल?

पुण्याच्या पेठांमध्ये दोन-चार दिवसांसाठी फ्लॅट घेतला की यजमानाकडून फोनवर दोन गोष्टी येतात. एक, कुलपाचा कोड. दुसरी, यादी. इथे मिसळ खा, इथे फिरायला जा, इथून साडी घ्या, इथून बाकरवडी बांधून न्या. कोड प्रत्येक पाहुण्यासाठी बदलतो. यादी सगळ्यांना तीच.

माझ्याकडे अशा बऱ्याच याद्या साठल्या आहेत. आमच्या टीममधली निम्मी माणसं बंगळुरू-हैदराबादला असतात. कामासाठी पुण्यात आली की शनिवार-रविवार जोडून घेतात, हिंजवडीचं हॉटेल सोडून सदाशिव नाहीतर नारायण पेठेत येऊन राहतात आणि यजमानाची यादी मला फॉरवर्ड करतात. खाली एकच प्रश्न: हे बरोबर आहे का? बरोबर असतं. मिसळ बेडेकरांची, मस्तानी सुजाताची, बाकरवडी चितळ्यांची, खरेदी तुळशीबागेत, देव दगडूशेठ, इतिहास शनिवारवाडा. यात खोटं काहीच नाही. पण वीसेक याद्या वाचून झाल्यावर मी त्यांच्याकडे मजकूर म्हणून बघायला लागलो. कोणी लिहिलं, कोणासाठी, काय गाळलं, वगैरे. शहराबद्दलचं दुसरं कुठलं लेखन वाचक त्याच शहराच्या चौकात उभा राहून, पोटात भूक घेऊन वाचतो? प्रवासवर्णनं लिहिणाऱ्यांना हेवा वाटावा असा हा वाचक आहे. त्याच्या हातात आपण काय ठेवतो, तर ४.६ रेटिंग आणि पिन.

खरं तर ही यादी यजमानाच्या जागेवर काम करते. एअरबीएनबीची गोष्ट सांगताना २००७ सालचं सॅन फ्रान्सिस्को येतंच. डिझायनर लोकांची परिषद, हॉटेलं भरलेली, घरभाडं परवडेनासं झालेल्या दोन मुलांनी घरात हवेच्या गाद्या टाकल्या आणि तीन पाहुणे आले. त्यातला एक अमोल सुर्वे, भारतातून तिकडे शिकायला गेलेला डिझायनर. यजमानांनी त्याला शहर स्वतः दाखवलं. आता यजमान बहुतेक वेळा भेटतच नाही. तो बाणेरला राहतो किंवा न्यू जर्सीला. तो भेटला असता तर जे बोलला असता, ते या यादीने बोलायचं असतं.

यादीचे दोन भाग असतात: घराचे नियम आणि आजूबाजूच्या शिफारशी. हे दोन्ही एकाच माणसाने लिहिलेत यावर विश्वास बसत नाही. नियम वाचा. कमोडमध्ये टिश्यू टाकू नये. गीझर आंघोळीच्या दहा मिनिटं आधी लावावा व आठवणीने बंद करावा. ओला टॉवेल लाकडी खुर्चीवर टाकू नये. शेजारची बेल वाजवून पत्ता विचारू नये. इंग्रजीत लिहिलं असलं तरी आतला आवाज अस्सल पुणेरी पाटीचा. प्रत्येक वाक्यामागे कोणीतरी एकदा घातलेला घोळ आहे आणि तो निस्तरण्यात गेलेला यजमानाचा एक रविवार आहे. मग पान उलटतं आणि तोच माणूस अचानक पर्यटनाच्या माहितीपत्रकासारखा बोलू लागतो. व्हायब्रंट. ऑथेंटिक. हिडन जेम. बेडेकरांच्या दारातली रविवार सकाळची रांग बघितली की 'हिडन'चा अर्थ डिक्शनरीत पुन्हा बघावासा वाटतो.

पुणेरी पाटीवरचे विनोद आता शिळे झालेत, मान्य. (व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या बऱ्याचशा पाट्या फोटोशॉपच्या असतात, हेही मान्य.) पण पाटी लिहिणाऱ्याला ती जागा ठाऊक असते. चितळ्यांचं 'एक ते चार बंद' घ्या. दुकान दुपारी उघडं राहायला लागून वर्षं झाली, तरी विनोद चालूच आहे. विनोद बाजूला ठेवला तर त्यातली माहिती उपयोगाची होती: या भागात दुपारी कोणाचं दार वाजवू नका. शिफारशींच्या भागात अशी माहिती जवळजवळ नसते. तिथे 'नको' हा शब्दच सापडत नाही. सगळं छान, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. एखाद्या ठिकाणी काय करू नये हे ज्याला सांगता येत नाही, तो तिथे फारसा गेलेला नसावा, असा मला संशय येतो.

मग हे लिहिलं कुठून? नकाशावरून. यजमान घराभोवतीच्या जास्त रेटिंगच्या जागा उचलतो. पाहुणा तिथेच जातो, तिथेच पाच तारे देतो, ती जागा आणखी वर चढते आणि पुढचा यजमान पुन्हा तीच उचलतो. रेकमेंडेशनची सिस्टीम बांधणाऱ्यांना हे चक्र पाठ असतं. नव्या युजरबद्दल काहीच माहीत नसलं की त्याला सगळ्यांना आवडतं ते दाखवायचं. या अडचणीला 'कोल्ड स्टार्ट' म्हणतात. मशीनला ती अडचण शोभते. यजमानाला पाहुण्याचं नाव माहीत असतं, गाव माहीत असतं, सोबत गुडघे दुखणारी आई येते आहे का हे विचारायला एक मेसेज पुरतो. त्याने मशीनची नक्कल कशाला करायची?

आता गाळलेलं बघू. दगडूशेठ प्रत्येक यादीत आहे. त्याच्या समोरच, रस्ता ओलांडला की, भिडे वाड्याची जागा. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली ती इथे. राष्ट्रीय स्मारकासाठी हा वाडा डिसेंबर २०२३मध्ये पाडला, म्हणजे बघायला वाडा उरलेला नाही हे खरं. पण शनिवारवाड्यातही १८२८च्या आगीनंतर मुख्यतः तट, दरवाजे आणि जोतीच उरलीत, आणि तिथे याद्या आरामात दीड तास काढायला सांगतात. माझ्याकडच्या एकाही यादीत भिडे वाडा नाही. तिथून चालत काही मिनिटांवर बुधवार पेठेतली वेश्यावस्ती. तिच्याबद्दल याद्या एकतर गप्प असतात किंवा अंधार पडल्यावर काही गल्ल्या टाळा एवढंच म्हणतात. कुठल्या, कशासाठी, ते नाही. तिथे राहणाऱ्या बायका त्या वाक्यात रस्त्यावरच्या खड्ड्यासारख्या येतात, चुकवून जायच्या. यजमानाने समाजशास्त्र लिहावं असं माझं म्हणणं नाही. पण वर 'लोकल लोकांसारखं राहा' लिहायचं आणि लोकल कोणाला म्हणायचं हे गुपचूप आपणच ठरवायचं, यात लबाडी आहे.

नावंही गळतात. पेठेतला पत्ता म्हणजे भिकारदास मारुती, पत्र्या मारुती, उपाशी विठोबा, खुन्या मुरलीधर. पिन टाकली की यांची गरज संपते. खुन्या मुरलीधराच्या शेजारी तीन रात्री राहून ज्याला ते नाव कळलं नाही, त्याचे पैसे फुकट गेले असं माझं स्पष्ट मत आहे.

या ढिगात एकच यादी वेगळी निघाली. घर नारायण पेठेतलं. यजमान बाई त्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. दोन पानं, तुटक इंग्रजी, मध्येच देवनागरी, रेटिंग कुठेच नाही. पहिली ओळ पाण्याची: नळाला सकाळीच येतं, टाकी संपली तर मला सांगा, मोटर तुम्ही लावू नका. पहाटेची घंटा समोरच्या देवळातली आहे, ती बंद होणार नाही. झोप हलकी असेल तर मागच्या खोलीत झोपा. अंगारकीला दगडूशेठच्या बाजूला गाडी नेऊ नका. मिसळ बेडेकरांचीच खा, पण ती गोडसर लागेल, कोल्हापूरच्या माणसाने राग मानू नये. कोपऱ्यावरच्या गाडीवरचे पोहे साडेनऊनंतर कोरडे होतात, त्यानंतर गेलात तर उपमा घ्या. गणपतीत यायचं असेल तर आधी फोन करा, ढोलपथकं याच गल्लीतून जातात, लहान मूल सोबत असेल तर मीच नको म्हणेन. ज्या दहा दिवसांत दर वाढवता येतो त्याच दिवसांत पाहुण्याला नको म्हणणारी ही यजमानीण! मार्केटिंगच्या कुठल्याही कोर्समध्ये नापास.

मला हे लेखन चांगलं वाटतं ते प्रेमळ आहे म्हणून नव्हे. ते तसं प्रेमळ नाहीच. इथे नियम आणि शिफारशी वेगळ्या काढलेल्या नाहीत. पोह्यांबद्दलचं वाक्य आणि मोटरबद्दलचं वाक्य एकाच आवाजात आहे, कारण दोन्ही एकाच अनुभवातून आलीत. साडेनऊ ही वेळ नकाशावर मिळत नाही. ती मिळवायला कोरडे पोहे खावे लागतात.

दुसऱ्या पानाच्या तळाशी एक ओळ आहे. तिसऱ्या मजल्यावर परीक्षेची मुलं राहतात, रात्री दहानंतर जिन्यात बोलू नये. त्यांचा चहावाला उशिरापर्यंत असतो, चहा प्यायचा तर तिथे प्या.

माझ्या हैदराबादच्या सहकाऱ्याने विचारलं, कुठली परीक्षा? दहावीची?

मराठी वाचकाला हे सांगायची गरज नाही. सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता. खांबाखांबावर 'कॉट बेसिस'चे कागद, अभ्यासिका, मेस, झेरॉक्स. एमपीएससीसाठी गावाकडून आलेली मुलं-मुली. मार्च २०२१मध्ये पूर्वपरीक्षा आणखी एकदा पुढे ढकलली तेव्हा हीच शास्त्री रस्त्यावर उतरली होती. परगावाहून येऊन पेठेत राहणारा माणूस म्हटलं की आज हे लोक डोळ्यासमोर येतात, ट्रॉली बॅग घेऊन आलेला पाहुणा नाही. आणि उरलेल्या याद्यांमध्ये त्यांचा एका शब्दाने उल्लेख नाही. शनिवारवाडा आहे, पेशवे आहेत. जिन्यात रोज समोर येणारा परभणीचा मुलगा नाही.

गंमत अशी की यादी 'स्वस्त आणि अस्सल' म्हणून जे दाखवते ते बरंचसं या मुलांच्या जिवावर चालतं. पोह्यांची गाडी, पोटभर थाळी, मध्यरात्रीचा चहा. महागड्या ब्रेकफास्टचा कॅफे दिवसाला वीस पाहुण्यांवर तगेल. गाडीवरच्या पोह्यांना रोज सकाळी, पावसातसुद्धा, तीच माणसं परत यावी लागतात.

एक हिशेब करू, आकडे समजण्यापुरते धरा. खोलीत चार कॉट, कॉटमागे महिना तीन हजार, म्हणजे बारा हजार. तीच खोली रंगवून, भिंतीवर वारली काढून, रात्रीला दोन हजाराने दिली आणि महिन्यातल्या पंधराच रात्री भरली, तरी तीस हजार. घरमालकाने काय करावं हे सांगायला इंजिनियर लागत नाही. त्याला शिव्या घालण्यातही मजा नाही; जुनी इमारत उभी ठेवायला पैसे लागतात. बार्सिलोनाने २०२४मध्ये जाहीर केलं की पर्यटकांच्या फ्लॅटचे दहा हजारांवर परवाने नोव्हेंबर २०२८पर्यंत संपवायचे. पुण्यातली गर्दी त्या मापाची नाही, तो उपाय इथे आणा असं मी म्हणत नाही. पण आपल्याकडे हा बदल परवान्यांच्या आकड्यात दिसण्याआधी यादीत दिसेल. तिसरा मजलाही रात्रीच्या दराने जायला लागला की गाडीवाला दुसरीकडे जाईल आणि पोह्यांच्या जागी ४.६वाला कॅफे येईल. यादी अपडेट करायला यजमानाला दोन मिनिटं लागतील.

नारायण पेठेतल्या बाई काही संत नाहीत. दुसरा मजला त्यांनीही पाहुण्यांना दिलाच आहे. तरी त्यांच्या त्या एका ओळीने पाहुण्याला शेजारी मिळतो, आणि शेजारी आला की आवाज कमी ठेवायची जबाबदारीही येते. दहा वाजता जिन्यात गप्प होणारा माणूस त्या इमारतीत राहतो आहे असं म्हणता येईल. बाकीच्या याद्या वाचणारा पाहुणा फक्त उतरलेला असतो. माझा सहकारी त्या रात्री चहाच्या गाडीवर जाऊन आला. चहा फार गोड होता म्हणाला, आणि सगळे जण चालू घडामोडींवर भांडत होते.

तिसऱ्या मजल्याचीही एक यादी असते. कोणत्या अभ्यासिकेत कुठल्या खुर्चीवर पंख्याचा वारा येतो, कुठल्या मेसवाल्या काकू पैसे चार दिवस उशिरा चालवून घेतात, मागच्या वर्षीच्या नोट्स कोणत्या झेरॉक्सवाल्याकडे मिळतात, कुठल्या मालकिणीशी डिपॉझिटबद्दल दुपारी बोलायचं नाही. 'नको' आणि 'नाही' तिच्यात भरपूर. ती कोणी लिहून ठेवत नाही. आपल्याच तालुक्यातला सीनियर पहिल्या रात्री कॉटवर बसून तोंडी सांगतो. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, हे त्यात सगळ्यात आधी येतं, कारण गावाहून निघालेली मुलं बहुतेक रविवारी संध्याकाळीच पोचतात.