मरुतीर्थाची वाट : उंटासवे आणि बसमधून

तीर्थ जितके दुर्गम तितके त्याचे पुण्य अधिक, ही समजूत आपल्या मनात फार खोल रुजलेली आहे. पायी वारी करणारा वारकरी थोर, की एस.टी.ने पंढरीस जाऊन येणारा भाविकही तितकाच थोर, हा वाद आमच्या वाचकांनी देवळाच्या ओसरीवर पुष्कळदा ऐकला असेल. हाच प्रश्न हिंगळाजच्या यात्रेने अधिक तीव्रतेने उभा केला आहे. त्या यात्रेविषयी जे लिहिले व दाखविले गेले, त्याचे मोल ठरविताना तो टाळून चालणार नाही.

हिंगळाज हे बलुचिस्तानच्या लासबेला भागात, हिंगोल नदीच्या खोऱ्यात, मकरानच्या उजाड डोंगरांत वसलेले शक्तिपीठ. सतीचे ब्रह्मरंध्र येथे पडले अशी श्रद्धा आहे. गुहेत घडविलेली मूर्ती नाही. शेंदराने माखलेली शिळा हीच देवी. आसपासचे मुसलमानही या स्थानास ‘नानी’चे मंदिर म्हणून मानतात. आपल्याकडील भावसार क्षत्रिय समाजाची ती कुलस्वामिनी होय, आणि बेळगावच्या शेजारच्या गडहिंग्लजच्या नावातही तिचाच उच्चार ऐकू येतो. तेव्हा हे तीर्थ आज सीमेपलीकडे असले तरी आपणांस परके नाही.

बंगाली लेखक अवधूत यांचे ‘मरुतीर्थ हिंगलाज’ हे या यात्रेवरील सर्वांत गाजलेले पुस्तक. फाळणीपूर्वी कराचीहून निघालेल्या एका जथ्याची ही हकीकत आहे. पुढे छडीदार, बरोबर उंट, पायांखाली तापलेली वाळू, आणि पुढची विहीर लागेतो पाण्याचा हिशेब. या पुस्तकाचे खरे सामर्थ्य त्यातील निसर्गवर्णनात नाही, असे आमचे मत आहे. एकमेकांस न ओळखणारी माणसे तहानेच्या धाकाने एका कुटुंबासारखी कशी होतात, आणि त्याच धाकाने प्रसंगी किती कठोर होतात, हे लेखकाने निर्भीडपणे सांगितले आहे. वाटेत भेटलेल्या थिरुमल आणि कुंती या दुर्दैवी जोडप्याला आपल्यांत सामावून घेणे, ही त्या जथ्याची खरी परीक्षा ठरते.

१९५९ मध्ये विकास राय यांनी या पुस्तकावर त्याच नावाचा बंगाली चित्रपट काढला. उत्तमकुमार आणि सावित्री चट्टोपाध्याय यांचा अभिनय, हेमंत मुखोपाध्याय यांचे संगीत, यांमुळे तो लोकप्रिय झाला. हे श्रेय देऊनही म्हणावेसे वाटते की, चित्रपटाने थिरुमल-कुंतीची शोकांतिका पुढे आणली आणि जथा मागे सारला. पुस्तकात नायक जथा आहे. पडद्यावर तो पुष्कळदा पार्श्वभूमी होऊन राहतो.

आज ती वाट उरलेली नाही. २००४ च्या सुमारास मकरानचा किनारी महामार्ग तयार झाला, आणि कराचीपासून सुमारे अडीचशे किलोमीटरांचे ते अंतर काही तासांवर आले. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या सेवामंडळीच्या व्यवस्थेखाली दर वर्षी एप्रिलमध्ये यात्रा भरते. थरपारकर, उमरकोट या भागांतून भाविकांनी भरलेल्या बसगाड्या निघतात. एका वाळवंटातून उठून माणसे दुसऱ्या वाळवंटात जातात. या बदलाचा साक्षेपी अभ्यास युर्गेन शाफलेखनर यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात केला आहे. रस्त्याने केवळ प्रवास सुकर केला नाही, तर दुर्लक्षित स्थानाचे मध्यवर्ती तीर्थ केले, आणि पशुबळीसारख्या जुन्या चालींवरील वादही पुढे आणला, हे त्यांचे प्रतिपादन आम्हांस पटते.

मग बसने यात्रेचा रस गेला काय? अवधूतांचे पुस्तक वाचून उठलेल्या रसिकास तसे वाटणे साहजिक आहे. परंतु ही हळहळ कोण करतो, हे पाहिले पाहिजे. बसमध्ये दाटीवाटीने बसलेली थरपारकरची म्हातारी शेतमजूर उंटांच्या काळात देवीपर्यंत पोहोचलीच नसती. तिने सोसावे आणि आपण घरी बसून त्या सोसण्याचे सौंदर्य वाचावे, ही रसिकता नव्हे. तो आप्पलपोटेपणा आहे. मुंबईहून मोटारीने गोव्यास कुलदेवतेच्या दर्शनाला येणाऱ्या आपणांस तर तसे म्हणण्याचा मुळीच अधिकार नाही.

तथापि दुसऱ्या बाजूचीही एक गोष्ट खरी आहे. वाटेवर चंद्रगूप नावाचा सुमारे शंभर मीटर उंचीचा चिखलाचा ज्वालामुखी आहे. परंपरा अशी की, तेथे सर्वांच्या पिठाचा मिळून रोट भाजावा, यात्रेकरूने आपले पाप सर्वांसमक्ष बोलून दाखवावे, आणि मगच देवीकडे पाऊल टाकावे. उंटांच्या वाटेवर अनेक दिवस बरोबर चाललेल्यांसमोर असे बोलणे अवघड होते, कारण ते सारे ओळखीचे झालेले असत. बसमधल्या शेजाऱ्याची एका रात्रीची ओळख; त्याच्यासमोर बोलणे सोपे आहे, आणि म्हणूनच ते पोकळ होण्याचा संभव आहे. बसने यात्रेकरूचे श्रम हिरावले, याचे आम्हांस दुःख नाही. जथा जुळण्यास लागणारा वेळ तिने हिरावला, ही मात्र खरी हानी होय.

ती भरून काढणे रस्ते बांधणाऱ्यांच्या हाती नाही. ते यात्रेकरूंच्याच हाती आहे. चंद्रगूपावर आजही रोट भाजला जातो, त्यासाठी आजही अनेकांच्या घरचे पीठ एकत्र येते. ज्या बसमधील माणसे त्या पिठाबरोबर एकमेकांचे सुखदुःखही थोडे एकत्र करतील, तिच्यात अवधूतांचा जथा पुन्हा भेटेल. आमच्या वाचकांनी हे पुस्तक अवश्य मिळवून वाचावे. वाळवंटाच्या कुतूहलापोटी नव्हे, तर पुढच्या खेपेस देवदर्शनाच्या बसमध्ये बसताना शेजारच्या आसनावर कोण आहे, याची विचारपूस करावीशी वाटावी म्हणून.