कष्ट कुणाचे दिसतात?

विमानाचं तिकीट शोधताना पडद्यावर 'या कंपनीचे दर तपासत आहोत', 'आता त्या कंपनीचे' अशा ओळी सरकतात, हे तुम्ही पाहिलं असेल. रायन ब्युएल आणि मायकेल नॉर्टन यांनी २०११ मध्ये 'मॅनेजमेंट सायन्स'मधल्या निबंधात अशाच पडद्यांचे प्रयोग मांडले. निष्कर्ष गमतीचा आहे. उत्तर तेच असलं, तरी आपल्यासाठी काम चाललेलं दिसलं की माणसं थांबायला तयार होतात. कधीकधी झटकन उत्तर देणाऱ्या संकेतस्थळापेक्षा हे थांबवणारंच त्यांना जास्त मोलाचं वाटतं. निबंधाने याला 'श्रमाचा भास' म्हटलंय.

निबंध चांगलाच आहे. पण तो सुरगाण्यात नेऊन वाचा, म्हणजे त्याची मर्यादा कळते. प्रयोगात कष्ट सेवा देणाऱ्याचे असतात आणि मोल ठरवतो सेवा घेणारा. वनजमिनीच्या दाव्यात नेमकं उलटं होतं.

वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन आपण कसतोय, हे आदिवासी शेतकऱ्याने दाखवायचं. म्हणजे कागद गोळा करा, म्हाताऱ्या माणसांचे जबाब द्या, जागेच्या पाहणीला हजर राहा. मग दावा ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे, तिथून जिल्हा समितीकडे. ज्या उतारावर पिढ्यान्‌पिढ्या नागली-वरई काढली, तिथले कष्ट कागदावर उतरले तरच खरे. इथे सेवा घेणाऱ्यालाच आपले कष्ट सेवा देणाऱ्याला दाखवावे लागतात!

मार्च २०१८ मधला किसान सभेचा लाँग मार्च आठवा. नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर. सुरगाण्याचे शेतकरी त्यात मोठ्या संख्येने होते आणि वनहक्क ही मुख्य मागण्यांपैकी एक होती. दहावीच्या मुलांना परीक्षेला जाताना त्रास नको, म्हणून शेवटचा टप्पा ते रात्रीतून चालले. सोललेल्या तळपायांचे फोटो बघून शहर हळहळलं. १२ मार्चला लेखी आश्वासन मिळालं. शेतातले कष्ट दिसले नव्हते, रस्त्यावरचे दिसले.

आता दुसरं संशोधन बघू. नॉर्टन, मोकॉन आणि एरिएली यांनी २०१२ मध्ये 'आयकिया परिणाम' मांडला: स्वतः जोडलेली वस्तू माणसाला जास्त मोलाची वाटते. डिझाइनवाले हे वाक्य उचलतात आणि 'वापरणाऱ्याला थोडं काम करू द्या' म्हणतात. पण त्याच निबंधातली अट सोयीने गळते. काम अर्धवट राहिलं किंवा केलेलं मोडून टाकलं, तर तो परिणाम उरत नाही. २०१९ मध्ये पुन्हा नाशिकहून आणि २०२३ मध्ये दिंडोरीहून मोर्चे निघाले. एकदा चालून काम तडीला गेलं असतं, तर पुन्हा चालायची पाळी का आली असती?

म्हणून दाव्यांसाठी पडदा तयार करणाऱ्याने नुसतं फिरतं चक्र दाखवू नये. सरकारी कष्टांचा भास कुणाला नकोय. फाईल कुठल्या समितीकडे आहे, किती दिवसांपासून आहे, कसतोय त्यापेक्षा कमी क्षेत्र मंजूर झालं असेल तर ते का, एवढं साध्या मराठीत दिसू द्या. दावा फेटाळला किंवा त्यात बदल केला तर दावेदाराला प्रत्यक्ष कळवायचं, हे २०१२ च्या सुधारित नियमांतही आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी 'कष्टाने मोल वाढतं' असं सांगितलं, तर तुम्ही दोन प्रश्न विचारा: कष्ट कुणाचे, आणि ते तडीला गेले का?